झिरो-टर्न मोवरची खरेदी

झिरो-टर्न मोवर हे हिरवळीवरील गवत कापण्याचे, चालकाने वर बसून चालवायचे यंत्र आहे. त्याची मागची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे पुढे किंवा मागे फिरतात, त्यामुळे ते जागच्या जागी वळू शकते. 'झिरो-टर्न' या नावाचा अर्थ वळणाची त्रिज्या शून्य असा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोठी आवारे असलेले घरमालक, हिरवळीची निगा राखणारे कंत्राटदार, शाळा, दफनभूमी आणि नगरपालिका यांच्याकडे हे यंत्र सर्रास आढळते. घरगुती यंत्राची किंमत साधारण ३,००० डॉलरपासून सुरू होते, तर व्यावसायिक यंत्राची १०,००० डॉलरच्या पुढे जाते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन यंत्रांच्या आतील भागांत मोठा फरक असू शकतो. तसेच एकाच यंत्रासाठी दोन विक्रेत्यांनी दिलेले आकडे बहुधा एकाच गोष्टीची किंमत सांगत नाहीत. या कारणांमुळे नव्या यंत्राची खरेदी हा ग्राहकांमध्ये बराच चर्चिला जाणारा विषय आहे.

इतिहास

अशा यंत्राचा पहिला व्यापारी नमुना मिसुरी राज्यातील वॉरन्सबर्ग येथील मॅक्स स्विशर यांच्या नावावर सांगितला जातो. त्यांचे 'राइड किंग' हे यंत्र १९५० च्या दशकात बाजारात होते. आज रूढ असलेली दोन लिव्हरची रचना मात्र कॅन्सस राज्यातून आली. तेथील गव्हाच्या प्रदेशात उभे पीक कापून त्याच्या ओळी घालणारी शेतीयंत्रे दोन लिव्हरनी वळवली जात. तेच तत्त्व जॉन रेगियर यांनी १९६० च्या दशकात गवतकापणीसाठी वापरले. पुढे हेस्टन येथील एक्सेल इंडस्ट्रीज या कंपनीने हे यंत्र 'हसलर' या नावाने विकले. कॅन्ससमधीलच कॉफीव्हिल येथील डिक्सन कंपनीने १९७० च्या दशकात घरगुती ग्राहकांसाठी यंत्रे आणली. नेब्रास्कातील एक्समार्क कंपनीचे 'लेझर झी' हे यंत्र १९९५ साली आले आणि कंत्राटदारांमध्ये या प्रकाराचा प्रसार वाढला.

या उद्योगात मालकी वरचेवर बदलत आली आहे. टोरो कंपनीने १९९७ मध्ये एक्समार्क आणि २०२२ मध्ये 'स्पार्टन' यंत्रे बनवणारी अर्कान्सासमधील कंपनी विकत घेतली. स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या कंपनीने २०२१ मध्ये कब कॅडेट आणि हसलर या दोन्ही नाममुद्रा आपल्या छत्राखाली आणल्या. त्यामुळे दोन दुकानांतील दोन वेगळ्या रंगांची यंत्रे शेवटी एकाच मालकाची असणे अशक्य नाही.

रचना

इंजिन पट्ट्याच्या साहाय्याने दोन हायड्रोस्टॅटिक पंप फिरवते. प्रत्येक पंप आपल्या बाजूच्या चाकाच्या मोटरला दाबाखालील तेल पुरवतो. चालकाच्या मांडीपुढील दोन लिव्हर या दोन पंपांशी जोडलेल्या असतात. दोन्ही लिव्हर सारख्या पुढे ढकलल्या की यंत्र सरळ जाते, एक पुढे व एक मागे केली की ते मागील आसाच्या मध्यबिंदूभोवती फिरते. पुढची दोन चाके केवळ आधाराची असून ती कोणत्याही दिशेला मोकळी वळतात. वेग कमी करण्याचे कामही बहुतेक यंत्रांत याच लिव्हर करतात, वेगळा ब्रेकचा पायपट्टा नसतो. पाती ज्या पोलादी आवरणाखाली फिरतात त्याला डेक म्हणतात. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६ मीटर, या मर्यादेपलीकडे जाऊ नये असे अमेरिकी मानक आहे. बहुतेक उत्पादक या मर्यादेच्या जवळपास राहतात. त्यामुळे 'अधिक वेगवान पाती' हा विक्रेत्याचा दावा फारसा अर्थपूर्ण नसतो.

घरगुती आणि व्यावसायिक श्रेणी

किमतीतील फरकाचे मुख्य कारण हायड्रोस्टॅटिक संच हे आहे, मात्र जाहिरातीत त्याचा उल्लेख सर्वांत कमी असतो. इलिनॉय राज्यातील सलिव्हन येथील हायड्रो-गिअर ही कंपनी अनेक नाममुद्रांना हे संच पुरवते, म्हणून वेगवेगळ्या उत्पादकांच्या यंत्रांची तुलना या संचाच्या क्रमांकावरून करता येते. स्वस्त यंत्रांत 'ईझेडटी' हा संच आढळतो. तो नियमित तेलबदलासाठी घडवलेला नसतो, बिघडला की बहुधा संपूर्ण बदलावा लागतो. 'झेडटी-२८००' आणि त्यापुढील संचांना तेलाची गाळणी असते व ठरावीक तासांनी तेल बदलता येते. 'झेडटी-४४००' किंवा 'झेडटी-५४००' हे व्यावसायिक यंत्रांत बसवले जातात. सपाट जागेवर आठवड्यातून तासभर चालणाऱ्या यंत्राला हलका संचही वर्षानुवर्षे पुरतो. चढउतार, मागे ओढायची ट्रॉली आणि रोजचे काम यांखाली मात्र तो तापतो व चढावर ओढ कमी पडू लागते. हमी संपल्यानंतर दोन्ही बाजूंचे संच बदलण्याचा खर्च स्वस्त यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा असू शकतो.

डेकच्या बाबतीत 'गेज' हा शब्द नवख्या ग्राहकाला चकवतो, कारण गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १२ गेजचा पत्रा सुमारे २.७ मिलिमीटर, १० गेजचा ३.४ मिलिमीटर आणि ७ गेजचा ४.५ मिलिमीटर जाडीचा असतो. घरगुती डेक एकाच पत्र्यातून दाबून घडवलेला असू शकतो, महागडा डेक जाड पट्ट्या वितळजोडाने सांधून केलेला असतो. तथापि जाड डेक म्हणजे चांगली कापणी नव्हे. कापलेले गवत कसे उचलले जाते व बाहेर कसे फेकले जाते, हे डेकच्या आतील पोकळीच्या आकारावर अवलंबून असते, आणि ते ओल्या गवतावर चालवून पाहिल्यावाचून कळत नाही.

इंजिनाच्या अश्वशक्तीचा आकडा जपूनच घेतला जातो. गवतकापणी यंत्रांच्या इंजिनांची शक्ती फुगवून सांगितल्याच्या आरोपावरून अनेक उत्पादकांविरुद्ध चाललेल्या सामूहिक दाव्यात विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथील संघीय न्यायालयाने २०१० साली तडजोड मंजूर केली. उत्पादकांनी दोष मान्य केला नव्हता. आता अनेक यंत्रांवर अश्वशक्तीऐवजी सिलिंडरचे घनआकारमान लिहिलेले असते. इंजिनाची श्रेणी पाहणे अधिक उपयोगी ठरते. उदाहरणार्थ, कावासाकी कंपनीची 'एफआर' मालिका घरगुती, तर 'एफएक्स' मालिका व्यावसायिक वापरासाठी आहे. एखाद्या यंत्राला नावाजलेले इंजिन असूनही त्याखाली हलका हायड्रोस्टॅटिक संच असणे ही या बाजारातील नेहमीची जोडी आहे. ग्राहक इंजिनाचे नाव ओळखतो आणि संचाचे ओळखत नाही, हे विक्रेत्यांना ठाऊक असते.

आकाराची निवड

डेकची रुंदी बहुधा ४२ ते ७२ इंचांदरम्यान असते. ५४ इंची (सुमारे १३७ सेंटिमीटर) यंत्र ताशी ६ मैल वेगाने चालले तर हिशेबाने तासाला सव्वातीन एकर गवत कापले जाते. वळणे, झाडे आणि पट्ट्यांचे एकमेकांवर येणे धरून प्रत्यक्षात अडीच एकरांच्या आसपास, म्हणजे सुमारे १०० गुंठे, काम होते. ४२ इंची यंत्र ताशी ५ मैल वेगाने याच हिशेबात पावणेदोन एकरांपर्यंत पोहोचते. एका एकराच्या आवारात, घराची व वाहनमार्गाची जागा वगळता, हा फरक पंधरा मिनिटांहून कमी भरतो. त्यासाठी हजार-दोन हजार डॉलर अधिक द्यायचे की नाही हे ग्राहकाने ठरवायचे असते. रुंद डेक खाचखळग्यांच्या जमिनीवर उंचवटे खरवडतो. शिवाय गवत फेकणारी झडप धरून यंत्राची एकूण रुंदी डेकपेक्षा बरीच अधिक भरते, त्यामुळे नवे यंत्र परसाच्या फाटकातून आत न जाण्याचे प्रसंग घडतात. विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी फाटक मोजणे हा म्हणूनच नेहमीचा सल्ला आहे.

उतार आणि सुरक्षितता

वळणे व थांबणे ही दोन्ही कामे मागच्या चाकांवर सोपवलेली असल्याने ती चाके घसरली की दोन्ही एकदमच हातची जातात. ओल्या उतारावर असे झाल्यास यंत्र खाली ओढले जाते. तळे, ओढा किंवा आधारभिंत यांच्या काठी झालेले गंभीर अपघात बहुतांशी याच स्वरूपाचे आहेत. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत १५ अंशांहून अधिक उतारावर यंत्र नेऊ नये असे म्हटलेले असते, काहींत ही मर्यादा १० अंश आहे. उलटल्यास चालकाचा बचाव करणारी कमान असेल तर ती उभी ठेवून आसनपट्टाही बांधावा लागतो. कमान नसलेल्या यंत्रावर पट्टा बांधू नये असे सांगितले जाते, कारण उडी मारून सुटण्याची शक्यता त्यामुळे नाहीशी होते. आवाराचा मोठा भाग तीव्र उताराचा असेल तर सुकाणूचक्र असलेला लॉन ट्रॅक्टर अधिक योग्य ठरतो. जो विक्रेता स्वतःहून हे सांगतो, त्याच्या इतर सल्ल्यालाही काही वजन देता येते.

विक्रीची ठिकाणे

होम डेपो, लोज, ट्रॅक्टर सप्लाय यांसारखी साखळी दुकाने मुख्यतः घरगुती श्रेणीची यंत्रे विकतात. व्यावसायिक श्रेणी प्रामुख्याने स्वतंत्र डीलरांकडे मिळते. अशा डीलरकडे दुरुस्तीशाळा व सुट्या भागांचा साठा असतो, आणि अनेकदा तीच त्याच्या धंद्याची खरी बाजू असते. साखळी दुकानात घेतलेले यंत्र बिघडल्यास ते जवळच्या अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे न्यावे लागते. एप्रिल ते जून या ऐन हंगामात अशा केंद्रांत रांग लागते आणि अनेक केंद्रे आपल्याकडून यंत्र घेतलेल्या ग्राहकांना आधी हात देतात.

ही रांग केवळ गैरसोयीची बाब राहत नाही. अमेरिकेतील अनेक नगरांत ठरावीक उंचीपेक्षा गवत वाढू देणे हा दंडनीय प्रकार आहे. फ्लोरिडातील डनेडिन नगराने २०१८ साली एका घरमालकाला १० इंचांहून उंच गवताबद्दल दिवसाला ५०० डॉलर याप्रमाणे जवळपास ३०,००० डॉलर दंड आकारला होता आणि ते प्रकरण न्यायालयात गेले. हे उदाहरण टोकाचे आहे, पण मे महिन्यात तीन आठवडे दुरुस्तीशाळेत पडून राहिलेले यंत्र परक्या माणसाकडून पैसे देऊन गवत कापून घ्यायला लावते, एवढे निश्चित.

दरपत्रकांची तुलना

उत्पादक किरकोळ विक्रीची सुचवलेली किंमत जाहीर करतो. अनेक उत्पादकांचे 'किमान जाहिरात किंमत' असे धोरणही असते. त्यानुसार डीलर त्याहून कमी आकडा छापू शकत नाही, परंतु दुकानात समोरासमोर कमी किंमत सांगण्यास त्याला सहसा आडकाठी नसते. काही उत्पादक प्रत्यक्ष विक्रीची किमान किंमतही ठरवून देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या लीजिन खटल्यातील २००७ च्या निकालानंतर अशी व्यवस्था संघीय कायद्याखाली आपोआप बेकायदा ठरत नाही. याचा परिणाम असा की काही नाममुद्रांच्या बाबतीत पाच डीलरांकडे फिरूनही आकडा हलत नाही. तेथे घासाघीस किमतीवर न होता इतर गोष्टींवर होते. पात्यांचा जादा संच, पहिल्या देखभालीचे तेल व गाळण्या, घरपोच सुपूर्ती, हंगामात दुरुस्तीसाठी यंत्र नेण्या-आणण्याची सोय अशा गोष्टी डीलर सहज देतो, कारण त्या त्याला ग्राहकापेक्षा स्वस्त पडतात.

दोन दरपत्रकांची तुलना करताना सर्व खर्च धरून दुकानाबाहेर पडतानाची एकूण रक्कम लेखी मागण्याची पद्धत आहे. वाहतूक, जुळणी व तयारी, कागदपत्रे अशा नावांनी काही शे डॉलर नंतर वाढू शकतात. ६,२०० डॉलरच्या दरपत्रकावर वाहतूक व जुळणीचे ४५० डॉलर चढले, तर सर्वसमावेशक ६,५०० डॉलर सांगणारा शेजारगावचा डीलर स्वस्त ठरतो. त्यात राज्याचा विक्रीकर मिळवावा लागतो. ऑरेगॉन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि डेलावेअर या राज्यांत असा कर नाही, मात्र तेथून यंत्र आणून कर असलेल्या राज्यात वापरल्यास तेथील 'वापर कर' कायद्याने देय होतो. यंत्राचा मॉडेल क्रमांक अक्षरशः जुळतो की नाही हेही पाहावे लागते. एखाद्या अक्षराच्या फरकाने इंजिन, आसनाखालील स्प्रिंग किंवा हायड्रोस्टॅटिक संच बदललेला असतो, आणि साखळी दुकानासाठी काढलेले रूप डीलरकडील रूपाशी जुळेलच असे नाही.

जुने यंत्र बदल्यात देताना डीलर त्याचे मोल वाढवून सांगतो आणि नव्या यंत्रावरील सूट तेवढीच कमी करतो, ही जुनी युक्ती आहे. त्यामुळे दोन्ही व्यवहारांचे आकडे वेगवेगळे घेतले जातात. बदल्यातील रक्कम वजा करून उरलेल्या किमतीवरच कर आकारण्याची मुभा काही राज्यांत आहे. तेथे जुने यंत्र परस्पर विकण्यापेक्षा डीलरला देणे थोड्या कमी मोलातही परवडते. कंत्राटदारांना एकदम अनेक यंत्रे घेतल्यास ताफ्याची सूट मिळते, काही उत्पादक माजी सैनिकांनाही सूट देतात. पण या सवलती बहुधा मागितल्याशिवाय समोर येत नाहीत. हंगाम ओसरल्यावर, विशेषतः सप्टेंबरनंतर, डीलर साठा कमी करू पाहतो. त्या वेळी किंमत उतरते, पण हवा तो डेक शिल्लक असेलच असे नसते. शिवाय हमीचा काळ खरेदीच्या दिवसापासून मोजला जात असल्याने त्यातले काही महिने बर्फाखाली जातात.

शून्य टक्के व्याज

'४८ महिने शून्य टक्के व्याज' अशा योजना उत्पादकांच्या वित्तसंस्थांमार्फत दिल्या जातात. व्याज माफ करण्याचा खर्च कोणी तरी सोसतोच. अनेकदा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट या योजनेत मिळत नाही. एकाच यंत्राची रोख किंमत ६,५०० डॉलर आणि हप्त्यांची शून्य व्याजाची किंमत ७,००० डॉलर असे समजू. ४८ महिन्यांचा हप्ता १४५.८३ डॉलर येतो. हाच हप्ता ६,५०० डॉलरच्या कर्जावर भरला असता तर व्याजदर वर्षाला सुमारे ३.७ टक्के पडला असता. म्हणजे हे 'शून्य' खरोखर ३.७ टक्के आहे. बँकेचे कर्ज याहून महाग मिळत असेल तर योजना फायद्याची, अन्यथा रोखीची सूट बरी. १९६८ च्या कर्जसत्यता कायद्यानुसार कर्जाचा वार्षिक दर ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे. परंतु गमावलेली सूट त्या दरात दिसत नाही, म्हणून हा हिशेब ग्राहकालाच करावा लागतो.

साखळी दुकानांच्या कार्डांवरील 'बारा महिन्यांत पूर्ण फेडल्यास व्याज नाही' ही योजना ऐकायला सारखी वाटली तरी वेगळी आहे. तीत व्याज पहिल्या दिवसापासून मोजले जाते आणि फक्त लांबणीवर टाकलेले असते. ४,००० डॉलरच्या यंत्रावर दर महिना ३२५ डॉलर भरणाऱ्या ग्राहकाचे वर्षाअखेर १०० डॉलर उरतात. कार्डाचा दर ३० टक्के धरल्यास, चक्रवाढ न धरताही, त्या १०० डॉलरपायी सुमारे ६६० डॉलर व्याज एकदम खात्यावर चढते. जाहिरातीतील 'पूर्ण फेडल्यास' या दोन शब्दांची किंमत एवढी आहे.

हमी

हमीची मुदत वर्षे व इंजिनाचे तास या दोन्हींत मोजली जाते आणि जे आधी पूर्ण होईल तेथे ती संपते. त्यासाठी यंत्रावर तास मोजणारे मापक असते. अनेक हमीपत्रांत घरगुती व व्यावसायिक वापर वेगळे असून मोबदला घेऊन शेजाऱ्याचे गवत कापणे हा व्यावसायिक वापर ठरतो. त्या वापरासाठीची मुदत बरीच कमी असते. डेकच्या पत्र्यावर 'आजीवन' हमी देणाऱ्या पत्रकात पट्टे, पाती, टायर व बॅटरी यांची मुदत वेगळी व तोकडी असते. इंजिनाची हमी पुष्कळदा यंत्राच्या उत्पादकाऐवजी इंजिनाचा उत्पादक देतो. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने हमीच्या अटी विक्रीपूर्वी पाहता येणे ग्राहकाचा हक्क केला आहे. तसेच सुटे भाग वा सेवा मोफत पुरवल्याखेरीज ती विशिष्ट नावाचीच वापरण्याची सक्ती हमीसाठी करता येत नाही. घरी तेल बदलल्याने हमी जाते असे काही दुकानांत सांगितले जाते, ते या कायद्याशी जुळत नाही. तेल व गाळण्यांच्या पावत्या आणि तासांची नोंद जपून ठेवली म्हणजे पुरते.

ताबा घेताना

खोक्यातून निघालेल्या यंत्राचा डेक समपातळीत बसवलेला नसतो. चांगला डीलर तो पातळीत आणतो, टायरमधील हवा सारखी करतो आणि दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे असताना यंत्र एका बाजूला ओढत नाही ना, हे चालवून पाहतो. जुळणीचे पैसे घेतले असतील तर ही कामे त्यातच येतात. इंजिनाचे पहिले तेल बहुधा ५ ते ८ तासांनंतर बदलावे लागते, तर बदलता येण्याजोग्या हायड्रोस्टॅटिक संचांचे तेल व गाळणी ७५ ते १०० तासांनंतर. घरगुती वापरात हा दुसरा टप्पा गाठायला दोन-तीन वर्षे लागतात, तोवर पुस्तिका हरवलेली असते. त्यामुळे अनेक मालक ही तारीख इंजिनाच्या आवरणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतात.